लढायांच्या इतिहासात पीएच.डी. करायचीय? खान्देशातल्या पोरापोरींसाठी सगळं एका जागी

एम.ए.चा निकाल लागला की दर वर्षी चार-पाच जण तरी मला गाठतातच. मॅडम, मिलिटरी हिस्टॉरियन व्हायचंय, कुठला कोर्स करू? विचारणारा बहुतेक शिवजयंतीला भाषण ठोकणारा असतो, नाहीतर भरतीत उंची किंवा छाती थोडक्यात हुकलेला, आणि मधूनच एखादी पोरगी हळूच विचारते की मॅडम यात मुलींना घेतात का. घेतात, मी आहे ना. शिरपूर तालुक्यातली, तापीकाठच्या गावातली, वडील कापूस-केळीवाले, पीएच.डी. खान्देशातल्या भिल्ल पलटणीवर, सात वर्षं सीएचबी (तासांवर पैसे मिळणारी कॉलेजातली नोकरी) करून आता कुठे पर्मनंट झालेय. प्रत्येकाला तेच सांगून घसा बसला म्हणून एकदाच लिहिते, लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी दरवाजा ठरवा

मिलिटरी हिस्टरी नावाची डिग्री शोधत बसू नका, आपल्याकडे या विषयात शिरायचे दोन रस्ते आहेत. एक म्हणजे साधा इतिहास, बी.ए., एम.ए., मग नेट-सेट (कॉलेजात शिकवायला लागणाऱ्या पात्रता परीक्षा) आणि पीएच.डी., आणि त्यात तुमचा टॉपिक लष्करी. दुसरा म्हणजे डिफेन्स अँड स्ट्रॅटेजिक स्टडीज, ज्याला आपल्याकडे अजून संरक्षणशास्त्र म्हणतात, पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात त्याचा स्वतंत्र विभाग आहे. नेटमध्ये इतिहासाचा कोड ०६ आणि डिफेन्सचा ११, म्हणजे हे दोन वेगळे विषय धरले जातात आणि जागांच्या जाहिरातीपण वेगळ्या निघतात, हे लोक विसरतात.

डिफेन्सवाल्यांना आजचं धोरण, अणुशस्त्रं, सीमाप्रश्न, सुरक्षा हे जास्त असतं. तुम्हाला थाळनेरचा किल्ला कसा पडला यात रस असेल तर इतिहासाचा दरवाजा बरा. नोकरीच्या हिशोबानेसुद्धा, कारण इतिहास जवळजवळ प्रत्येक आर्ट्स कॉलेजात असतो, संरक्षणशास्त्र मोजक्या ठिकाणी. माझा एक वर्गमित्र हुशारीत माझ्या दोन पावलं पुढे होता, तो डिफेन्सला गेला आणि चार वर्षं जाहिरातच निघेना म्हणून शेवटी स्पर्धा परीक्षेचा क्लास काढून बसला. आता बरा चाललाय त्याचा क्लास, पण तुम्हाला काय पाहिजे ते बघा.

पैशाचं आधी बोलून घेऊ

माझे वडील मला म्हणायचे, "लढायास्ना इतिहास वाचीसन कोनं पोट भरस वं माय?" प्रश्न रास्त होता, त्याला उत्तर देता आलं पाहिजे.

नेट वर्षातून दोनदा होते, जून आणि डिसेंबरच्या नावाने. त्यात जेआरएफ (संशोधनासाठीची फेलोशिप) मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, नंतर एसआरएफ म्हणून ४२,०००, वर घरभाडं वेगळं, आणि हे जास्तीत जास्त पाच वर्षं. जेआरएफसाठी वयाची अट साधारण ३० ची, मुलींना आणि राखीव गटांना पाच वर्षांची सूट, त्यामुळे एम.ए. झाल्यावर "एक वर्ष थांबून बघू" असं करू नका, हे एक वर्ष फार महाग पडतं. २०२४ पासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो, वरचा जेआरएफसकट, मधला असिस्टंट प्रोफेसर आणि पीएच.डी. प्रवेश, खालचा फक्त पीएच.डी. प्रवेश. खालच्या दोन गटांत नेटच्या मार्कांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असतं आणि तो निकाल प्रवेशासाठी वर्षभरच चालतो. म्हणजे निकाल लागल्यावर गाईड शोधायला सुरुवात केली तर उशीर झालेला असतो.

सेट ही आपल्या महाराष्ट्र-गोव्यापुरती, पुणे विद्यापीठ घेतं, वयाची अट नाही पण फेलोशिपही नाही. जेआरएफ हुकली तर रडत बसू नका, आपल्याकडे राज्य सरकारच्या बार्टी, सारथी, महाज्योती आणि आदिवासी मुलांसाठी टीआरटीआय यांच्या पीएच.डी. फेलोशिप आहेत, शिवाय दिल्लीची आयसीएचआर (भारतीय इतिहास संशोधन परिषद) आहे जी खास इतिहासवाल्यांसाठीच आहे. नंदुरबार, अक्कलकुवा, धडगावकडच्या कितीतरी पोरांना टीआरटीआयचं नावच माहीत नसतं, सांगा एकमेकांना. पैसे दर महिन्याला एक तारखेला येतील असं मात्र समजू नका, कधी सहा-सहा महिने अडकतात आणि मग एकदम येतात, तोवर घरच्यांशी आधी बोलून ठेवलेलं बरं.

आणि नोकरी. असिस्टंट प्रोफेसरचं बेसिक ५७,७०० पासून सुरू होतं, हा आकडा सगळ्यांना पाठ असतो. तिथपर्यंतचा रस्ता मात्र बहुतेकांचा सीएचबीतून जातो, तासिका तत्त्वावर, जेवढे तास तेवढे पैसे, दर वर्षी नवी ऑर्डर आणि उन्हाळ्यात हात रिकामे. मी सात वर्षांत तीन कॉलेजं केली. एका संस्थेत तर मुलाखतीआधी एका गृहस्थांनी मला बाजूला घेऊन आकडा सांगितला, मी घरी आले, वडिलांना सांगितलं, ते काही बोलले नाहीत, बैल बांधायला निघून गेले. ती जागा मला मिळाली नाही हे सांगायला नकोच. पण सगळीकडे तसं नाही, आता मी जिथे आहे तिथे एक रुपया मागितला नाही कोणी. कायद्याने सध्या असिस्टंट प्रोफेसरसाठी नेट किंवा सेट पुरते, २०२३ मध्ये यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) पीएच.डी.ची सक्ती काढली, तरी मुलाखतीच्या टेबलावर पीएच.डी.वाला आणि नुसता सेटवाला सारखे दिसत नाहीत, स्पष्टच सांगते.

या विषयात करतात काय

आता खरा मुद्दा. पोरांना वाटतं मिलिटरी हिस्टरी म्हणजे कोण शूर होता आणि कोणी कोणाचं मुंडकं उडवलं. ते पोवाड्यात छान आहे, मलापण ऐकताना अंगावर काटा येतो. पण थीसिसमध्ये गाईड तुम्हाला विचारणार की त्या दिवशी घोड्यांना चारा कुठून आला. फौजेत दहा हजार जनावरं असतील तर ती रोज खाणार, रोज पिणार आणि जिथे मुक्काम तिथलं शिवार फस्त करणार, मग फौज दोन दिवस जास्त का थांबली किंवा का नाही थांबली याचं कारण सेनापतीच्या डोक्यात शोधायच्या आधी चाऱ्यात शोधा. बंजाऱ्यांचे तांडे बैलांवर धान्य लादून फौजांना पुरवायचे, मोगलांनापण आणि इंग्रजांनापण, त्यांच्याशिवाय दख्खनमध्ये एक मोहीम उभी राहिली नसती. त्यांचं नाव पोवाड्यात कितीदा येतं?

म्हणून मी माझ्या पोरांना एक सवय लावते. लढाईची तारीख दिसली की साल नंतर बघायचं, आधी महिना. मे-जून १८१८ मध्ये मालेगावच्या वेढ्यात अरब शिपाई किल्ल्यात आणि इंग्रज बाहेर. मे महिन्यात मालेगाव! आपण तेव्हा दुपारी बारानंतर ओट्यावर बसत नाही, पत्रे तापून फुटायला येतात, तिथे लोक खंदक खणत होते. पाणी किती लागलं असेल, कोणी आणलं असेल, आणि पुढे मृग लागून रस्ते चिखलात गेले तर तोफा कशा हलणार होत्या, याची काळजी दोन्ही बाजूंना असणारच. आंबापाणीची लढाई ११ एप्रिल १८५८ ची, सातपुड्यात खाज्या नाईकाचे भिल्ल विरुद्ध इंग्रज. एप्रिलमध्ये सातपुड्याची पानगळ झालेली असते, झाडीत लपायला आडोसा कमी, नाले आटलेले, मोह वेचायचे दिवस. हे पुण्या-मुंबईच्या अभ्यासकाला पुस्तकातून कळवून घ्यावं लागतं, तुम्हाला फुकटात माहीत आहे. हाच तुमचा भाव आहे, ओळखा तो.

दुसरं उदाहरण आपल्या शेजारचं. अजिंठ्याचा घाट चढून पलीकडे जालना जिल्ह्यात असई आहे, २३ सप्टेंबर १८०३ ची लढाई, शिंदे-भोसल्यांची फौज विरुद्ध वेलस्ली, तोच जो पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. केळणा नदी पार करायची होती आणि वाटाडे म्हणाले इथे उतार नाही, म्हणजे पायी पार होण्याजोगी जागा नाही. वेलस्लीने दुर्बिणीतून बघितलं तर नदीच्या दोन काठांवर दोन गावं अगदी समोरासमोर. त्याने अंदाज बांधला की दोन गावं अशी तोंडाला तोंड लावून बसलीत म्हणजे मधे येण्याजाण्याचा उतार असणारच, आणि होता. इंग्रजीत याचं फार कौतुक आहे, जीनियस वगैरे. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं, तापीकाठचं शेंबडं पोरगंपण हे सांगेल, आमच्या गावासमोरचं गाव तसंच आहे आणि पूल व्हायच्या आधी आजीचं माहेर त्या उतारावरूनच होतं. खरा प्रश्न वेगळाच आहे. वाटाडे 'नाही' का म्हणाले? त्यांना खरंच माहीत नव्हतं की सांगायचं नव्हतं? असा एक प्रश्न सापडला की एक पेपर होतो.

एकाच प्रसंगाकडे किती बाजूंनी बघायचं

थाळनेर घ्या. शिरपूरहून जवळ, फारुकी सुलतानांच्या कबरी आहेत तिथे, लोक जातात, सेल्फी काढतात, येतात. ६ जानेवारी १८१८ ला मंदसोरचा तह झाला आणि होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेकडचा मुलूख सोडला, त्यात थाळनेर होतं. २७ फेब्रुवारीला इंग्रज सेनापती सर थॉमस हिस्लॉप फौज घेऊन किल्ल्यापाशी आला. किल्लेदार तुळशीराम मामा. एकामागून एक दरवाजे पार झाले, आतल्या दरवाज्यापाशी बोलणी चालली असताना घोळ झाला आणि आत गेलेले मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅकग्रेगर मारले गेले. मग इंग्रजांनी आतली शिबंदी कापून काढली, सुमारे ३०० माणसं, आणि किल्लेदाराला फाशी दिली. त्या फाशीवरून पुढे खुद्द इंग्लंडच्या पार्लमेंटमध्ये हिस्लॉपवर प्रश्न उठले.

यावर विद्यार्थी काय लिहितो? 'इंग्रजांनी विश्वासघाताने किल्ला घेतला.' आणि इंग्रजांच्या जुन्या पुस्तकात असतं की किल्लेदाराने विश्वासघात केला. दोन्ही वाक्यं लिहायला एक मिनिट लागतं. अभ्यास म्हणजे हे विचारणं की तह झालाय हे किल्लेदाराला कोणी कळवलं, कुठल्या भाषेत, त्याच्या हातात त्याच्या धन्याचा कागद होता का, दरवाज्यात बोलणी करणारे एकमेकांचं बोलणं समजत होते का, आणि आपण जे वाचतोय ते लिहिणारा माणूस त्या वेळी दरवाज्यात होता की लांब तंबूत. सगळ्या हकिकती समोर मांडून एक तक्ता करा, कोण काय म्हणतो, कधी लिहिलं, कोणासाठी लिहिलं. मी अजून कागदावर हातानेच करते तो तक्ता, एक्सेलमध्ये मला सुचत नाही.

असंच अशीरगडचं. रावेरवरून बऱ्हाणपूर ओलांडलं की तो दिसतो, आज मध्य प्रदेशात आहे पण खान्देशाची चावी तोच. अकबराने तो जानेवारी १६०१ मध्ये घेतला. दरबारी इतिहासकार सांगतो की किल्ल्यात रोगराई पसरली म्हणून पडला, आणि त्याच वेळी अकबराच्या छावणीत असलेले जेझुइट पाद्री वेगळंच सांगतात, की पैसे चारले आणि शब्द मोडला. इतिहासकार कित्येक वर्षं यावर भांडतायत. तुम्ही एम.ए.च्या सेमिनारसाठी हा विषय घेतलात तर कागद कसा तपासायचा हे आपोआप शिकाल, मी दर वर्षी एकाला देते.

टॉपिक

इथे सगळे गाडी घसरवतात. 'मराठ्यांची युद्धनीती' हा टॉपिक नाही. 'छत्रपती शिवाजी महाराजांचे लष्करी प्रशासन: एक चिकित्सक अभ्यास' हाही नाही, शोधगंगावर जाऊन बघा त्या नावाच्या आसपास किती थीसिस पडलेत. शोधगंगा ही फुकट वेबसाइट आहे, देशभरातले थीसिस तिथे चढवलेले असतात, टॉपिक ठरवायच्या आधी तिथे आठवडा घालवा.

टॉपिकची माझी कसोटी फार साधी आहे, कागद कुठे आहेत आणि तिथे जायला तिकीट किती. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचे लष्करी रेकॉर्ड्स आहेत, भन्नाट आहेत, पण तुमचा सगळा थीसिस त्यावर उभा असेल आणि स्कॉलरशिप नसेल तर तो उभा राहणार नाही. उलट असे टॉपिक बघा. १८२५ मध्ये जेम्स आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने खान्देशात भिल्ल पलटण उभी केली, तेव्हा त्याचं वय बावीसच्या घरात, ठाणं धरणगावला. ज्यांच्याशी सरकार लढत होतं त्याच लोकांना पगार देऊन शिपाई केलं, मग त्यांच्याकडूनच डोंगरात बंदोबस्त करून घेतला, आणि पुढे ती पलटण पोलिसात मिसळली. त्यातले लोक आले का, कशासाठी आले, पगार सोडून पळाले का, घरच्यांनी काय म्हटलं. मी यावर सहा वर्षं घालवली आणि लढाया मिळून माझ्या थीसिसचं एकच प्रकरण झालं, बाकी सगळं पगार, कपडे, धान्य, रजा, शिक्षा. व्हायवाला (तोंडी परीक्षेला) बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं की यात युद्ध कुठे आहे. मी म्हटलं सर, पगार वेळेवर झाला म्हणून युद्ध झालं नाही, तेच तर सांगतेय. हसले ते, सोडलं मला.

भुसावळवाल्यांनो, तुमच्या घराशेजारी १९४९ ची ऑर्डनन्स फॅक्टरी आहे, वरणगावची १९६० च्या दशकातली, म्हणजे चीनच्या युद्धानंतरची. २०२१ मध्ये ऑर्डनन्स फॅक्टऱ्या मोडून कंपन्या केल्या, भुसावळची यंत्र इंडियात गेली आणि वरणगावची म्युनिशन्स इंडियात. तिथे काम करून रिटायर झालेले काका-मावशी जिवंत आहेत, १९७१ मध्ये शिफ्ट कशा लागायच्या, क्वार्टरमध्ये ब्लॅकआउटला काय करायचे, हे सांगणारी पिढी अजून दहा वर्षं असेल. हीपण मिलिटरी हिस्टरीच आहे. गुपित गोष्टी विचारायच्या नाहीत, काय बनवलं हे सोडा, कसं जगलात ते विचारा, आणि रेकॉर्डिंगच्या आधी लेखी परवानगी घ्या. माजी सैनिकांवर काम करायचं असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून सुरुवात करा. काही गावांत पहिल्या महायुद्धाला किती माणसं गेली त्याची संगमरवरी पाटी असते, चुना मारून मारून अक्षरं बुजलेली असतात, जरा बघत जा.

१९४७ नंतरच्या युद्धांवर थेट लष्करी कागदांतून लिहायचं म्हणाल तर जपून. २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने धोरण केलं की साधारण २५ वर्षांनी कागद खुले करायचे आणि मोहीम संपल्यावर पाच वर्षांत तिचा इतिहास तयार करायचा. पण तुमची पीएच.डी. कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षांची आहे, मुलींना वर दोन वर्षं आणि २४० दिवसांपर्यंत बाळंतपणाची रजा. कागद खुले होण्याची वाट बघत मुदत संपवू नका.

लिपी, भाषा, तारखा

मोडी शिका. आता शिका, बी.ए.ला असाल तर उद्यापासून. रोज एक तास दिला तर तीन-चार महिन्यांत छापील मोडी येते आणि हाताची मोडी यायला वर्ष जातं, कारण प्रत्येक कारकुनाचा हात वेगळा. सरावाला घरातलं जुनं खरेदीखत काढा, आजोबांच्या पेटीत सापडतंच, फक्त काकांना आधी सांगा नाहीतर त्यांना वाटतं वाटणीचे कागद काढतेय. माझ्याकडे तसंच झालं होतं, दोन महिने काका बोलत नव्हते.

तारखांचा घोळ वेगळाच. पेशवाईतल्या पत्रावर १७६१ असं लिहिलेलं नसतं, 'सन इसन्ने सितैन मया व अलफ' असतं. अरबी आकडे आहेत ते, दोन, साठ, शंभर, हजार, म्हणजे ११६२. हा शुहूर सन. मृगापासून डिसेंबरपर्यंतच्या तारखेला त्यात ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००, की इंग्रजी साल येतं. साल मृगाला बदलतं म्हणून त्याला मृगसाल म्हणतात, शेतकऱ्याच्या पोरीला हे लगेच पटतं. तारखेच्या आधी 'छ' दिसला तर तो चंद्र, म्हणजे मुसलमानी महिन्यातली तिथी. जंत्री (जुन्या-नव्या तारखांचा तक्ता) जवळ ठेवा. एका वर्षाची चूक झाली तर तुमची फौज पावसाळ्यात तापी उतरताना दिसते आणि परीक्षक तिथेच पेन्सिलने गोल करतो.

फारसी जमली तर सोनं, फारुकी आणि मोगल काळासाठी तिच्याशिवाय गत्यंतर नाही. १८१८ नंतरचं काम असेल तर इंग्रजी हस्ताक्षर वाचायचा सराव लागतो, ते मोडीपेक्षा सोपं नाही बरं का. आणि अहिराणी येत असेल तर लाजू नका, पावरी किंवा भिलोरी येत असेल तर त्याहून भारी, कारण डोंगरातली आठवण त्या भाषांत आहे. थीसिस मराठीत लिहिता येतो, पण त्यातले दोन पेपर तरी इंग्रजीत करा, नाहीतर चाळीसगावच्या पुढे कोणाला कळणार नाही तुम्ही काय शोधलंत.

गाईड

मोठं नाव बघू नका, वेळ देणारा बघा. प्रोफेसरला आठ, असोसिएटला सहा आणि असिस्टंटला चार विद्यार्थी अशी मर्यादा आहे, जागा रिकामी आहे का आधी विचारा. रिटायर व्हायला तीन वर्षांपेक्षा कमी राहिली असतील तर त्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही, तेपण अदबीने विचारून घ्या. आपल्या बहिणाबाई चौधरी विद्यापीठाखालच्या कॉलेजांत बहुतेक गाईड लष्करी इतिहासातले नसतील, चालतं. आर्थिक किंवा आदिवासी इतिहासातला माणूस मिळाला तर उलट बरंच, तुम्ही तोफा मोजत बसलात तर तो पगाराचं विचारेल. भाजी आणणं, बँकेची कामं हे थोडं सगळीकडे असतं, पण थोडंच असावं, कुठे थांबायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

पेपर छापण्याबद्दल एकच सांगते. २०२५ मध्ये यूजीसीने केअर लिस्ट (मान्य जर्नलांची यादी) बंद केली, त्यामुळे कुठलं जर्नल चांगलं ते आता तुम्हालाच पारखावं लागतं. तीन हजार घेऊन आठ दिवसांत छापणारे व्हॉट्सअॅपवर रोज येतात, त्यांच्या नादी लागू नका, मुलाखतीत ओळखतात लोक. आणि कॉपी-पेस्ट १० टक्क्यांच्या वर गेलं की थीसिस परत येतो, स्वतःचं लिहा.

आता दफ्तरात जा

धुळ्यापासून सुरुवात करा. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ च्या ३१ डिसेंबरला धुळ्यातच गेले, आणि लगेच १९२७ मध्ये त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभं राहिलं, ते आजही आहे. या माणसाने १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला तो पानिपतच्या काळातल्या पत्रांचा, म्हणजे आपल्या विषयाचाच. आपल्या पोरांना पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ माहीत असतं आणि घरचं नसतं. तिथे जा, आधी फोन करून वेळ विचारा, कॉलेजचं पत्र न्या. सोबत १८८० चं खान्देश गॅझेटियर वाचून ठेवा, गावांची नावं जुन्या स्पेलिंगमध्ये कशी दिसतात ते कळतं, थाळनेरचं स्पेलिंगच मला पाच प्रकारचं सापडलंय.

मग पुण्याचं पेशवे दफ्तर आणि मुंबईचं राज्य पुराभिलेख, काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. भिल्ल, किल्ले, बंदोबस्त यांचं इंग्रज काळातलं काम असेल तर मुंबईचा पोलिटिकल आणि ज्युडिशियल डिपार्टमेंटचा पत्रव्यवहार बघावाच लागतो. १९०६ मध्ये खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, त्यामुळे त्याच्या आधीचे कागद 'खान्देश' नावाखाली आणि नंतरचे दोन नावांखाली शोधा, मी नवीन असताना सगळं पश्चिम खान्देशात शोधत बसले होते आणि एक आख्खी ट्रिप वाया घालवली. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचा अभिलेख पटल (ऑनलाइन पोर्टल) घरबसल्या बघता येतो, तिथे आधी शोधा, मगच रिझर्व्हेशन करा.

पहिल्या दिवशी काही हाती लागणार नाही. स्लिप भरायची, रुमाल (कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा) यायला वेळ लागतो, येतो तो चुकीचा येतो. कर्मचाऱ्यांशी नीट वागा, त्यांना विषय नाही पण कपाट माहीत असतं. जेवणाचा डबा न्या, बाहेरचं खाऊन पोट बिघडलं तर मुंबईचा आख्खा दिवस जातो. धुळीने शिंका येतात म्हणून मास्क आणि हातरुमाल ठेवा, फोटोची परवानगी लेखी मागा, आणि प्रत्येक कागदाचा नंबर, रुमाल, पान तिथल्या तिथे वहीत उतरवा, घरी आल्यावर आठवत नाही म्हणजे नाही. जुन्या कागदांजवळ शाईचं पेन नको, पेन्सिल न्या, दोन न्या, आणि शार्पनर विसरू नका, मागच्या महिन्यात मी विसरले आणि शेजारच्या मुलाच्या शार्पनरवर दिवस काढला.